पहिला घाणा

दिवाळीच्या आधी चार दिवस आमच्या स्वयंपाकघरातून एक हाक येते. गेली पंचेचाळीस-एक वर्षे ती न चुकता येत आली आहे. "अहो, जरा इकडे या." या हाकेचा अर्थ मला पाठ झाला आहे. चकलीचा पहिला घाणा कढईतून निघालेला असतो आणि तो चाखायला एक माणूस हवा असतो. मी जातो. ताटलीत एका चकलीचे तीन तुकडे माझी वाट पाहत असतात. अखंड निघालेल्या चकल्या देवासाठी बाजूला काढून झालेल्या असतात, हे सांगायला नकोच. मी तुकडा तोंडात टाकतो, डोळे मिटतो, जाणकाराचा चेहरा करतो आणि म्हणतो, "तिखट जरा कमी वाटतंय."

त्यावर ही मला सांगते की तिखट अगदी बरोबर आहे आणि मला चकलीतले काही कळत नाही.

"मग मला बोलावलंस कशाला?" असे मी एकदा धीर करून विचारले होते.

"विचारायची पद्धत असते," ही म्हणाली.

पण वाचकहो, दुसऱ्या घाण्याच्या चकलीत तिखट चिमूटभर वाढलेले असते. हे मी इतकी वर्षे पाहत आलो आहे. मात्र त्याची कबुली मला आजवर मिळालेली नाही.

हा पहिला घाणा चाखण्याचा उद्योग संगणकाच्या जगात मोठा मानाचा समजला जातो, त्याला एक भारदस्त नाव आहे आणि तो करायला लाखो माणसे रांग लावून उभी राहतात, हे मला कळायला वयाची साठी उलटावी लागली. २००८ साली मी बँकेतून निवृत्त झालो. निवृत्त माणसाचे पहिले सहा महिने कपाटे आवरण्यात जातात आणि पुढचे सहा महिने ती आवरलेली कपाटे पाहण्यात. त्या दुसऱ्या सहामाहीत, म्हणजे २००९ च्या जानेवारीत, बंगळूरहून चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, विंडोज सेव्हनची बीटा सगळ्यांना खुली केलीय. तुम्हाला वेळ असतो. बघा वापरून."

'तुम्हाला वेळ असतो' हे शब्द मला थोडे लागले. पण वेळ होता हे खरेच होते.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. संगणक म्हणजे नुसता पत्र्याचा आणि तारांचा ऐवज. त्यात घर चालवणारा कोणीतरी लागतो. कोणाला किती जागा द्यायची, पडद्यावर आधी कोणी यायचे, कळफलकावर उमटलेले अक्षर कोणाच्या हाती द्यायचे, हे सारे ठरवणारा जो कर्ता, त्याचे नाव ऑपरेटिंग सिस्टिम. आमच्या घरच्या संगणकात २००१ साली बाजारात आलेली विंडोज एक्सपी हा कारभार पाहत होती. तिच्यानंतर २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा आली. पण ती अंगाने जड आणि पावलापावलाला परवानगी विचारणारी म्हणून पुष्कळांनी तिला उंबरठ्याबाहेरच ठेवले. आता तिच्या पाठची ही सातवी. ती अजून पुरी तयार झालेली नव्हती, पण दाखवण्याजोगी झाली होती. अशा अवस्थेला ग्रीक वर्णमालेतल्या दुसऱ्या अक्षराचे नाव देतात: बीटा. आपल्याकडे नाटकवाल्यांनी यासाठी फार सुंदर शब्द करून ठेवला आहे, रंगीत तालीम. नेपथ्य उभे असते, रंगभूषा झालेली असते, ओळखीची माणसे समोर बसलेली असतात. फक्त पडदा मध्येच अडकला तर कोणी रागवायचे नाही, एवढाच करार.

रंगीत तालमीला पैसे देणारेही लोक असतात. २००० सालच्या सप्टेंबरात अ‍ॅपल कंपनीने आपली मॅक ओएस टेन अशीच कच्ची असताना लोकांना २९.९५ डॉलरला विकली होती आणि हौशी मंडळींनी ती घेतलीही होती. त्या मानाने ही विंडोज सेव्हन फुकट होती. ७ जानेवारी २००९ रोजी लास व्हेगासच्या प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनी तिची घोषणा केली. ९ तारखेला दार उघडायचे होते. पण त्या दिवशी इतकी झुंबड उडाली की कंपनीची यंत्रे वाकली आणि दार एक दिवस उशिरा उघडले. आधी म्हटले होते की पहिल्या पंचवीस लाखांनाच मिळेल. मग ती मर्यादाही काढून टाकली. पंगतीत पाने वाढवावीत तसे चालले होते.

मुलाने मला फोनवर तीन गोष्टी बजावल्या. एक, रोजच्या वापरातल्या संगणकावर ही घालू नका. दोन, घालायचीच असेल तर सगळ्या फाइलींची आधी दुसरीकडे प्रत काढून ठेवा. तीन, सोबत सूचनांचा कागद असतो, तो वाचा. कंपनीचेही सांगणे हेच होते. मी तिन्ही गोष्टींना 'हो हो' म्हटले. बँकेत छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांना 'सही करण्याआधी अटी वाचा' असे सांगत आलो होतो. तेवढ्यावर माझा अटी वाचण्याचा कोटा संपला होता, असे आता वाटते.

फाइल होती सुमारे अडीच गिगाबाइटची. आज हा आकडा ऐकून नातवंडे हसतील. पण आमच्या तेव्हाच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ एवढ्याच वेळात कितीही उतरवून घेतले तरी त्याचे पैसे पडत नसत. म्हणून मी रात्री पावणेदोनचा गजर लावून उठू लागलो. पहिल्या रात्री ही दचकून जागी झाली. "कोणाचा फोन?" दुसऱ्या रात्री म्हणाली, "आता कसली परीक्षा राहिलीय तुमची?" तिसऱ्या रात्री ती काही बोलली नाही, पण सकाळी चहा जरा आपटून ठेवला. संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला, पाहुणी एका डीव्हीडीवर बसून आमच्या घरी आली.

आमच्या डिस्कचे दोन भाग होते. एकात एक्सपी नांदत होती. दुसऱ्यात आमचा संसार होता: सहलींचे फोटो, प्राप्तिकराचे हिशेब, मुलाच्या मुंजीच्या चित्रफिती, आणि आणखी एक गोष्ट, तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. नव्या पाहुणीला सोळा गिगाबाइट जागा लागत होती. ती या दुसऱ्या भागातच मोकळी होती. मी संसार थोडा बाजूला सरकवला आणि तिथेच तिला पाट मांडला. प्रती काढायचे 'उद्या' वर गेले.

अर्ध्या-पाऊण तासाने पडदा उजळला. निळ्याशार पाण्यात एकच मासा, पंखांचा पिसारा पसरून माझ्याकडे पाहत होता. मी हिला हाक मारली.

"हे काय?" ही म्हणाली.

"हा बेट्टा मासा. झुंजार जात आहे सयामकडची. आणि ही विंडोजची बीटा. अमेरिकेत दोन्हींचा उच्चार सारखाच करतात, बेटा. म्हणून तो मासा घातलाय. कोटी आहे."

हिने माशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "बेटा तिकडे बंगळूरला आहे," ती म्हणाली. "दोन महिने झाले, आलेला नाही. त्याला सांगा कोट्या." आणि तिळगुळाची वाटी माझ्या हातात देऊन आत गेली.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण 'श्री' लिहितो. मीही तेच केले. नोटपॅड उघडून कळफलक देवनागरीवर नेला आणि 'श्री' उमटवले. ते मंगल या वळणात उमटले. विंडोजवर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही अक्षरे पाहिलेली असतात. मात्र ती आपल्या र. कृ. जोशी यांनी रेखाटली आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कवी आणि अक्षरांचा उपासक असा हा माणूस २००८ साली गेला. तो गेल्यानंतर वर्षभराने, साता समुद्रांपलीकडे घडलेल्या एका अपुऱ्या वस्तूत त्याच्या हातचा 'श्री' माझ्यासमोर उमटला, तेव्हा मला परक्या घरात ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटले.

पुढचे पंधरा दिवस मी नव्या नवरीचे घर पाहावे तसा सारा पडदा पाहिला. पहिली गोष्ट, ती चपळ होती. माझा संगणक २००६ सालचा, स्मृती जेमतेम एक गिगाबाइट. तेवढ्यातही ती कुरकुर न करता चाले. तळाच्या पट्टीवर पूर्वी प्रत्येक कामाचे नाव लिहिलेले असे. आता तिथे नुसती मोठी चित्रे. मला हे आठ दिवस आवडले नाही. नावाशिवाय माणूस ओळखायची सवय बँकेत कुठली असणार! नवव्या दिवशी लक्षात आले की मी चित्रांवरूनच कामे ओळखू लागलो आहे. एखादी चौकट माउसने ओढून पडद्याच्या कडेला नेली की ती नेमकी अर्धा पडदा व्यापून बसे. दुसरी चौकट दुसऱ्या कडेला नेली की दोन जमाखर्च शेजारी शेजारी ताडून पाहता येत. या एका सोयीसाठी मी बँकेतल्या छत्तीस वर्षांतली दोन तरी वर्षे परत द्यायला तयार झालो असतो. आणि सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे, एका चौकटीचा माथा धरून ती गदागदा हलवली की बाकीच्या साऱ्या चौकटी निमूट खाली बसत. हे मी हिला मुद्दाम दाखवले. ती म्हणाली, "आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर असंच करायचे. एकाला धरून हलवायचे, सगळा वर्ग खाली बसायचा."

पण माझे मन जडले ते वेगळ्याच गोष्टीवर. प्रत्येक चौकटीच्या माथ्यावर, उजव्या कोपऱ्याशी, दोन शब्द होते: 'सेंड फीडबॅक'. म्हणजे अभिप्राय पाठवा. तुम्ही काहीही करत असा, पत्र लिहीत असा, पत्ते खेळत असा, ते दोन शब्द आपले तिथे उभेच. काय आवडले नाही, काय चुकले, सांगा. वाचकहो, निवृत्त माणसाच्या आयुष्यात याचे मोल काय, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. पस्तीस माणसे ज्याच्या सहीसाठी थांबत, त्याला आता घरात 'दूध आलं का बघा' याखेरीज कोणी काही विचारत नव्हते. आणि इथे जगातली एक बलाढ्य कंपनी दिवसातून शंभर वेळा विचारत होती, आपले मत काय?

मी मते पाठवू लागलो. बँकेच्या शिस्तीत, क्रमांक घालून, 'सविनय निवेदन' या थाटाच्या इंग्रजीत. चित्रांखाली नावे असावीत. अक्षरांचा आकार ज्येष्ठांच्या चष्म्याला मानवेल असा असावा. कॅलेंडर उघडायला दोन टिचक्या कशाला, एक पुरे. माझी एकूण सव्वीस पत्रे गेली. उत्तर एकाचेही आले नाही, आणि येईल असे कोणी म्हटलेलेही नव्हते. ही विचारी, "आलं का हो काही?" मी म्हणे, "विचारायची पद्धत असते."

मात्र सामान्यांच्या अभिप्रायाला किंमत नसते असे कोणी म्हणू नये. त्याच दिवसांत एक प्रकरण गाजले. व्हिस्टा फार परवानग्या विचारते म्हणून लोक वैतागले होते. यासाठी सातव्या विंडोजमध्ये एक खुंटी दिली होती. तिच्या चार पायऱ्या होत्या आणि परवानगी कधी विचारावी, ते आपण त्यांवरून ठरवायचे. ऑस्ट्रेलियातल्या लाँग झेंग या तरुणाने आणि राफाएल रिव्हेरा या त्याच्या जोडीदाराने दाखवून दिले की एखादा दुष्ट कार्यक्रम ही खुंटीच गुपचूप शून्यावर नेऊ शकतो, आणि तसे करताना मालकाला कोणी विचारणारही नाही. म्हणजे रखवालदाराला घरी पाठवायचे असेल तर रखवालदाराला विचारावे लागत नव्हते! कंपनी आधी म्हणाली, आम्ही हे असेच योजले आहे. पण गलका वाढला, आणि ५ फेब्रुवारी २००९ रोजी विंडोजच्या बांधणीचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की आणि त्यांचे सहकारी जॉन डिव्हान यांनी जाहीर केले की पुढच्या आवृत्तीत हे बदलले जाईल. ते वाचून मी हिला म्हटले, "बघ. आधी 'तुम्हाला काही कळत नाही', आणि दुसऱ्या घाण्यात तिखट वाढलेलं." तिने ऐकले नाही असे दाखवले.

आता त्या राहिलेल्या गोष्टीकडे येतो.

माझी आई २००७ च्या श्रावणात गेली. त्याच्या आधीच्या दिवाळीत मुलाने एक छोटे ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणले होते. सुट्टीभर तो दुपारी आजीपाशी बसला आणि त्याने तिच्याकडून अकरा मुद्रणे करून घेतली. जात्यावरच्या ओव्या, तिच्या माहेरच्या पुराची हकिकत, व्रताच्या कहाण्या, चकलीच्या भाजणीचे प्रमाण. मग त्याने ती एमपीथ्री रूपात आमच्या संगणकावर ठेवली, आणि प्रत्येकीला आजीचा एक फोटोही जोडून दिला. आपल्याकडे प्रत ठेवावी असे त्याला वाटले नाही, कारण 'घरी आहेतच की'.

मी ती मुद्रणे कधी ऐकली नव्हती. आई असताना ऐकायचे कारण नव्हते, आणि ती गेल्यावर धीर नव्हता. फाइलीवर टिचकी मारायला बोट उचलायचे आणि परत ठेवायचे, असे किती वेळा झाले ते मीच जाणतो. पण जानेवारीत, नव्या उत्साहाच्या भरात, मी ते सारे दालन नव्या विंडोजमधल्या मीडिया प्लेअरच्या यादीत घालून ठेवले होते. आईच्या मुद्रणांना 'ट्रॅक एक, ट्रॅक दोन' अशी यंत्राने दिलेली नावे होती. ती काढून नीट मराठी नावे द्यावीत, असा माझा बेत होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो सहज म्हणाला, "बाबा, ते एमपीथ्रीचं पॅच तुम्ही पहिल्याच दिवशी लावलंत ना?"

"कसलं पॅच?"

पलीकडे थोडी शांतता पसरली. मग त्याने समजावून सांगितले. या बीटात एक दोष राहिला होता आणि कंपनीने तो स्वतःच जाहीर केला होता. गाण्याच्या फाइलीला चित्र वगैरे बरीच माहिती जोडलेली असली, आणि ती माहिती या नव्या विंडोजमध्ये बदलली गेली, मग ती आपण बदललेली असो की प्लेअरने आपणहून, तर त्या गाण्याच्या सुरुवातीचे काही सेकंद कायमचे कापले जात. पुन्हा न येण्यासारखे. त्यावरची दुरुस्ती बीटाबरोबरच दिली होती. फाइलींच्या प्रती काढा असे बजावलेही होते. सारे त्या सूचनांत होते. त्या मी वाचल्या नव्हत्या.

"बाबा, आजीच्या फाइली त्याच मशीनवर आहेत?"

मी 'हो' म्हटले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कोणाला बोल लावायला जागा नव्हती. सांगणाऱ्यांनी सांगितले होते. न ऐकणारा मी होतो.

फोन ठेवून मी संगणकासमोर बसलो. एक्सपी सुरू केली, म्हणजे निदान आणखी काही बिघडायला नको. अकरा फाइली होत्या. अकराही वाजतील, हे मला ठाऊक होते. प्रश्न तो नव्हताच. सुरुवातीचे काही सेकंद गेले आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न होता. आणि मग मला लख्ख कळले की हे मला तपासताच येणार नाही. सुरुवात कापली गेली आहे की नाही हे ओळखायला सुरुवात कशी होती ते माहीत असावे लागते. सव्वीस अभिप्राय पाठवणाऱ्या या परीक्षकाने आपल्या आईचा आवाज एकदाही ऐकलेला नव्हता.

मी किती वेळ तसा बसलो होतो कोण जाणे. ही पदराला हात पुसत बाहेर आली. मी तिला सारे सांगितले. मला वाटले, रागावेल. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

"पहिलं लावा," ती म्हणाली.

मी लावले. क्षणभर काही नाही. मग पंख्याची घरघर, बांगड्यांचा किणकिणाट, आणि आई. अगदी जवळून, जणू मागच्या खोलीतून. "सुरू झालं का रे?"

माझा हात माउसवर तसाच राहिला.

"आहे. पूर्ण आहे," ही म्हणाली. "दुसरं लावा."

दुसरे लावले. "याच्या आधी कुकरची एक शिट्टी आहे," ती म्हणाली, आणि शिट्टी झाली. तिसरे. "इथे त्या खोकतात. मग म्हणतात, पाणी दे गं." आई खोकली. "पाणी दे गं," म्हणाली. तो 'गं' हिला उद्देशून होता.

मी हिच्याकडे पाहिले. "तुला हे सगळं..."

"दुपारी तुम्ही झोपता तेव्हा लावते मी कधी कधी," ती पडद्याकडे पाहतच म्हणाली. "मुलाने दाखवून ठेवलं होतं कसं लावायचं ते. घर अगदी गप्प होतं दुपारचं."

एकोणतीस वर्षे या दोघी एका स्वयंपाकघरात होत्या. त्यांचे पटत नव्हते असे मी म्हणणार नाही. पटत होते असे म्हणण्याचेही धाडस करणार नाही. मिठापासून मोलकरणीपर्यंत प्रत्येक बाबतीत दोन मते असत आणि दोन्ही मते मला ऐकावी लागत. आई गेल्यावर ही सर्वांसमोर रडली नव्हती. मी त्याचा माझ्यापुरता काहीतरी अर्थ लावून ठेवला होता. तो चुकीचा होता.

चौथे, पाचवे, सहावे झाले. प्रत्येक वेळी ती आधी सांगे आणि मग ते ऐकू येई. सातवे मुद्रण चकलीच्या भाजणीचे. मी टिचकी मारणार तोच ती उठली. "हे ठीकच असेल. मला आमटी बघायची आहे."

"अगं, पण सुरुवात कशी आहे ते तरी सांग."

"ऐका तुम्हीच," ती म्हणाली आणि आत गेली.

मी लावले. काहीतरी सरकवल्याचा आवाज, आणि मग आईचा हलका स्वर, माणूस आतल्या गोष्टी बोलतो तसा. "बंद आहे ना अजून? मग ऐक. चकली तुझ्या आईची. माझी जन्मात तशी झाली नाही. हं, लाव आता. प्रमाण सांगते." आणि लगेच मोठ्या, ठणठणीत आवाजात, "चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या चण्याची डाळ..."

मोजले तर सात-आठ सेकंद. यंत्र सुरू झालेले नाही अशा समजुतीत बोललेले. आईने हे वाक्य हिच्या तोंडावर कधी उच्चारले नाही. उच्चारले असते तर आईचे आईपण राहिले नसते. ते मुद्रणाच्या उंबरठ्यावर, प्रमाणाच्या आधी, सांडल्यासारखे पडून राहिले होते. आणि या घरात एकीने ते शोधून काढून दोन वर्षे जपले होते. कापले गेले असते तर नेमके तेच गेले असते. भाजणीचे प्रमाण पुस्तकातही सापडते.

अकराही मुद्रणे शाबूत निघाली. त्याच संध्याकाळी मी ती दुरुस्ती लावली, सूचनांचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि तीन सीड्या केल्या. एक घरी, एक बंगळूरला, एक बहिणीकडे. मुद्रणांना मराठी नावे द्यायचा बेत मी सोडून दिला. हिला ती क्रमांकांनीच पाठ होती.

बीटाचे पुढे जे व्हायचे ते झाले. मे महिन्यात तिच्या जागी अधिक पक्की आवृत्ती आली. पण कंपनीच्या रीतीप्रमाणे जुनीवर नवी सरळ चढवायची नव्हती. सारी मांडामांड पहिल्यापासून. मी काही महिने थांबायचे ठरवले. १ जुलैपासून ठरल्याप्रमाणे ती दर दोन तासांनी आपोआप बंद पडू लागली, जणू पाहुणी बॅग भरून दारात उभी राहून आठवण करून देत होती. १ ऑगस्टला तिची मुदत संपली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला होते आणि पाचच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, पुरी झालेली विंडोज सेव्हन दुकानात आली. चित्रांखाली नावे नव्हतीच. पडद्यावरचा मासा गेला होता, आणि चौकटींच्या माथ्यावरचे ते दोन शब्दही गेले होते. वस्तू पुरी झाली की अभिप्राय विचारणे थांबते, ही रीत तिथेही असावी. ती मी पुढे कितीतरी वर्षे वापरली. तिची देखभाल कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. माझ्या पडद्यावर मासा आला त्याला त्या दिवशी बरोबर अकरा वर्षे झाली होती.

आता तर सारेच बीटा झाले आहे. गूगलच्या जीमेलने 'बीटा' ही पाटी २००४ च्या एप्रिलपासून २००९ च्या जुलैपर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, दारावर ठेवली होती. २०१४ पासून विंडोजच्या कच्च्या आवृत्त्या हौशी मंडळींना वर्षभर मिळत राहतात. फोन रात्री झोपतो आणि सकाळी वेगळाच होऊन उठतो. दर चार दिवसांनी कोणीतरी पाच तारे पुढे करून मत विचारते. मी क्वचितच देतो. त्या फेब्रुवारीनंतर माझी अभिप्रायाची हौस बरीच कमी झाली. ज्या गोष्टीपाशी मी नीट बसलेलोच नाही, तिच्याबद्दल मत देताना जीभ अडखळते.

एक अभिप्राय मात्र अजून द्यावाच लागतो. यंदाही हाक आली, "अहो, जरा इकडे या." मी गेलो. ताटलीत तीन तुकडे होते. मी खाल्ले. गेली काही वर्षे मी माझ्या अभिप्रायाची सुरुवात बदलली आहे. "चकली तुझीच," मी म्हटले. "आईचीही अशी कधी झाली नाही."

हिने कढईतला झारा हलवला. "ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "तिखट कसं आहे ते सांगा."

"जरा कमी वाटतंय."

"तुम्हाला चकलीतलं काही कळत नाही," ती म्हणाली, आणि तिखटाचा डबा जवळ ओढला.